‘येवल्याची हळद’ आणि कलम त्रेसष्ट

छाया अंदरसूलची. येवल्याच्या पुढे ते गाव. त्र्याण्णवच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं आणि ती मखमलाबादला आमच्या मळ्यात नांदायला आली. तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या घड्यांमध्ये, टॉवेलात गुंडाळलेली एक कॅसेट होती. ‘येवल्याची हळद’. कव्हरवर पिवळ्या नऊवारीतल्या कुठल्याशा नटीचा फोटो, खाली बारीक अक्षरांत ‘लंकाबाई आणि मैत्रिणी’, आणि त्याहून बारीक अक्षरांत मुंबईच्या कल्लोळ कॅसेट्स कंपनीचं नाव.

आमचं घर माळ्याचं. थोरला भाऊ निवृत्ती फ्लॉवर, मेथी आणि शेवंती करायचा. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दिवसभर व्हर्नियर घेऊन पार्ट मोजायचे आणि सायकल हाणत घरी यायचं. घरात बोलणं कमीच. छायाला ते जड गेलं असणार, पण ती तसं म्हणाली नाही. दुपारची भांडी झाली की ती टेप लावायची आणि दारात भाजी निवडायला बसायची. त्या गाण्यांत वाद्यं म्हणाल तर एक ढोलकी आणि एक टाळ. बाकी चार बायकांचे आवाज. लंकाबाईंचा खर्जातला, दमदार. आणि मागून तीन जणी झेलायच्या.

हळद दळीता गं बाई, पिवळं झालं माझं जातं
लेक निघाली सासरी, घर कसं गं खायाला येतं

दुसऱ्या ओळीला मागच्या तिघींतली एक जण फार वर जायची. छाया त्या ठिकाणी हातातली मेथी तशीच धरून थांबायची. माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले की ती तेव्हा अंदरसूलला गेलेली असते.

शहाण्णव साली टेपने ती कॅसेट खाल्ली. फीत रोलरला गुंडाळून अशी काही चुरगळली की मी चिमट्याने तासभर सोडवत बसलो, तरी अर्धी बाजू गेलीच. छाया म्हणाली, “जाऊ द्या, कॅसेटच आहे.” आणि आत गेली. ती ज्या आवाजात म्हणाली त्यामुळे मी दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या रेकॉर्डिंग सेंटरला गेलो. तिथला मालक सगळ्या नाशिकला याद्या बघून गाणी भरून द्यायचा. त्याने कव्हर उलटंसुलटं केलं.

“हे आता निघत नाही.”

“निघत नाही म्हणजे?”

“कंपनीने बंद केलं. खपत नाही ते बंद करतात. दुसरं काहीतरी भरून देऊ का?”

मला त्याचं नवल वाटलं. कारखान्यात आम्ही एखादा पार्ट बंद केला तरी त्याचं ड्रॉइंग कपाटात राहायचं, एक नमुना राहायचा. इथे चार बायकांचा आवाज बंद झाला आणि कोणाकडे काहीच नाही? सुट्टीच्या दिवशी मी पिंपळगाव, लासलगाव, निफाड अशी दुकानं पालथी घातली. शेवटी मनमाडला स्टेशनाबाहेर गॉगल आणि घड्याळं विकणाऱ्या एका टपरीत मिळाली. उन्हाने नटीची नऊवारी पांढरी पडली होती, पण आत फीत कोरी करकरीत. मी ती घरी आणली आणि छायाच्या पुढ्यात ठेवली. तिने संध्याकाळी पुरणपोळी केली, तिथी नाही का वार नाही.

तिथून मला नाद लागला. जे ‘आता निघत नाही’ ते शोधायचं. सटाण्याकडची अहिराणी लग्नगीतं, सिन्नरच्या एका गोंधळ्याची कॅसेट, पेठ भागातल्या डोंगरी लोकांची नाचाची गाणी, कुणा गावच्या शाळेने काढलेली बालगीतं. कॅसेटचा काळ सरत होता, दुकानदार सीडी ठेवायला लागले होते आणि जुना माल पोत्यात भरून टाकत होते. मला ती पोती सोन्याची वाटायची. दोन हजार सालापर्यंत माझ्याकडे तीनशेच्या वर कॅसेट झाल्या. टेपचं हेड साफ करायला मी कारखान्यातून स्पिरिटचा बोळा आणायचो, आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने हेडचा कोन असा जुळवायचो की दबलेला आवाज एकदम उघडायचा, खिडकी उघडल्यासारखा.

दोन हजार दोनमध्ये एम. जी. रोडवरून सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर घेतला. टेपची वायर त्याला जोडली की गाणं आत जातं, फाइल होते, खरखर पुसता येते, हे मी स्वतःच धडपडून शिकलो. आणि इंटरनेटही तेव्हाच आलं. फोनच्या वायरीतून. आधी तो मोडेमचा घशात खरवडल्यासारखा आवाज, मग जोडणी. एक गाणं जायला चाळीस मिनिटं. मध्येच आई फोन उचलायची, “हॅलो, कोण बोलतंय?” म्हणायची, आणि जोडणी तुटायची. निवृत्तीच्या व्यापाऱ्याचे फोन लागेनात म्हणून घरात भांडणं झाली. मग असं ठरलं की माझी सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळी दहा ते बारा फोन माझा.

गाणी वाटायचं एक सॉफ्टवेअर होतं. आपल्या कॉम्प्युटरमधला एक कप्पा उघडा ठेवायचा. जगात कुठेही बसलेल्या माणसाने त्यातलं हवं ते घ्यावं, आपण त्याच्या कप्प्यातलं घ्यावं. त्याच्याच जोडीला जुन्या मराठी गाण्यांची आवड असलेल्यांचा एक ई-मेल ग्रुप होता. तिथे मी ‘येवल्याची हळद’ ठेवली. पहिल्या आठवड्यात तिघांनी घेतली. मग अकरा जणांनी. पडद्यावर टोपणनावं यायची आणि खाली एखादी ओळ. मस्कतहून एकाने लिहिलं होतं, “माझी आई मालेगावची. आज फोनवर तिला ऐकवलं, ती म्हणाली, पुन्हा लाव.” भिलाईच्या शुभांगी नावाच्या एक बाई पोलादाच्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी लिहिलं, “मुलीच्या हळदीला इथे म्हणायला कोणी नाही. तुमच्यामुळे चार बायका आल्या.” मी ते छायाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता ही गाणी माझ्या एकटीची नाही राहिली.” तिला बरं वाटलं की वाईट, हे मला कळलं नाही.

हे चोरीचं काम आहे असं मला कधी वाटलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. अमेरिकेत कंपन्या घराघरांत नोटिसा धाडताहेत, कॉलेजच्या पोरांवर दावे लावताहेत, हे पेपरात येत होतं. पण ते नव्या सिनेमांचं, मोठ्या गाण्यांचं, असं मी स्वतःला सांगायचो. जे ‘निघत नाही’ त्यावर कोण कशाला उठेल?

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर ‘परदेशी मराठी’ नावाच्या एकाचा मेल आला. लंडनला राहतो, तिथे फाइली नीट उतरत नाहीत, माझ्या नाशिकच्या मावशीच्या पत्त्यावर सीडी पाठवाल का. मी ‘येवल्याची हळद’सकट पाच-सहा कॅसेटची गाणी एका सीडीत भरली आणि पोस्टाने पाठवली. पोस्टखर्चही घेतला नाही. पाकिटाच्या मागे, सवयीने, माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला.

फेब्रुवारीत, सकाळी अकरा वाजता, मळ्यात पोलिसांची जीप आली. निवृत्ती हौदावर मेथीच्या जुड्या धूत होता, तो तसाच ओल्या हातांनी उभा राहिला. इन्स्पेक्टरबरोबर कोट घातलेला एक माणूस होता, कल्लोळ कंपनीचा. लंडनबिंडन काही नव्हतं. मावशीचा पत्ता त्यांच्याच माणसाचा होता.

“समाधान विधाते तुम्हीच? कॉपीराइट कायद्याखाली तक्रार आहे. घर बघावं लागेल.”

पंचनाम्याला चार तास लागले. प्रत्येक कॅसेटचं नाव लिहायचं होतं. लिहिणारा हवालदार वयाने मोठा होता. पन्नासेक नावं झाल्यावर तो एका कॅसेटपाशी थांबला. सटाण्याकडची होती. “हे माझ्या मामाच्या लग्नात वाजायचं,” तो हळूच म्हणाला, “कुठं मिळाली?” कोटवाल्याने वर पाहिलं तशी त्याने मान खाली घातली आणि लिहिलं: क्रमांक एक्कावन्न. कॉम्प्युटर, टेप, कॅसेट, छायाची ती मनमाडहून आणलेली सुद्धा, सगळं गोणपाटात भरून, लाखेने सील करून नेलं. मलाही नेलं. दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन झाला.

गावात बातमी अशी पसरली की समाधानच्या घरी पोलिसांना चोरीचा माल सापडला. आईने महिनाभर देवळात जाणं सोडलं. कारखान्यात मॅनेजरने बोलावून घेतलं. काढलं नाही, पण सुपरवायझरचं प्रमोशन ठरलेलं होतं ते निकालापर्यंत थांबवलं. त्यापेक्षा मला दुसरंच लागलं. दुपारी घरी असलो की घर मुकं वाटायचं. छाया निवडत बसायची आणि टेप ठेवायच्या कोनाड्यात तिने चार दिवसांनी तेलाचा डबा ठेवला.

वकील मिळाले रंगनाथ गायधनी. सीबीएस बस स्टँडसमोर कोर्टाच्या आवारात त्यांचं टेबल होतं. साठी ओलांडलेली, पान खायचे, आणि आधी पूर्ण ऐकून घ्यायचे. सगळं सांगितल्यावर मी शेवटी म्हणालो, “साहेब, मी एक पैसा कमावला नाही.”

“त्याने शिक्षा कमी होईल, गुन्हा पुसला जात नाही,” ते म्हणाले. “कलम त्रेसष्ट. विधाते, गाणं कुणाचं हा एक प्रश्न आणि रेकॉर्डिंग कुणाचं हा दुसरा. रेकॉर्डिंग ज्याने करवलं त्याचं, असं कायदा म्हणतो. पण ज्याने करवलं तो मीच, हे कंपनीला सिद्ध करावं लागेल. कागद लागेल, मूळ टेप लागेल. त्या गायिकेला भेटलात का कधी?”

“नाही.”

“कधीच नाही?”

मला पहिल्यांदा लाज वाटली ती तेव्हा. दहा वर्षं मी त्या बाईचा आवाज पुसत, उजळत, जगभर वाटत होतो. ती जिवंत आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

लंकाबाई सापडल्या येवल्यातच. विणकरांच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात. पुढच्या खोलीत मुलगा मागावर बसलेला, आणि त्या कोपऱ्यात रहाटावर रेशमाच्या कांड्या भरत होत्या. सत्तरीच्या आत-बाहेर वय, बारीक अंग. एवढा मोठा आवाज यांच्यात कुठे राहतो, असं मला वाटून गेलं. मी ओळख दिली, छाया अंदरसूलची आहे म्हणालो.

“मंग तुमी आमचे जावईच झाले की,” त्या म्हणाल्या. “बसा. सूनबाई, च्या टाक.”

मी सगळं सांगितलं. कंपनी, इंटरनेट, सीडी, पोलीस. त्यांचा हात रहाटावर फिरतच होता. मी म्हणालो, “कंपनीने तुम्हाला विचारलं होतं का, कागदावर सही घेतली होती का, एवढंच कोर्टात सांगायचं.”

“नाय बा. एक माणूस आला, नाशकाला चला म्हणला. आमी चौघी एसटीनं गेलो. एका दिवसात गाऊन मोकळ्या. त्यानं चौघींना चार लुगडी दिली. कागद नाय, काय नाय.” त्या थांबल्या. रहाटही थांबला. “पन जावईबापू, त्यानं इचारलं नाय ते नाय. तुमी तरी मला कुठं इचारलं?”

मागाचा आवाज चालू होता.

“तो येऊन निदान लुगडं देऊन गेला,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, हिशेब सांगितल्यासारखंही नाही. नुसतं असं झालं ते सांगितल्यासारखं. “तुमी तर आज आले, तुमच्यावर केस झाली तवा.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग एकदम विचारलं, “त्यात ठमा ऐकू येती का?”

“ठमा?”

“माझी धाकटी जाऊ. वरच्या आवाजात झेलायची ती. कॅसेट काढली न् तिसऱ्या वर्षी गेली, काविळीनं. माझ्याकडची कॅसेट कोणी मागून नेली ती परत आलीच नाय. कंपनीला दोनदा पत्र लिवून घेतलं, संपली म्हणले. बारा-तेरा साल झाले मी तिला ऐकलं नाय.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “आनली का तुमी?”

माझ्या पिशवीत केसचे कागद होते. गाणी कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत होती, गोणपाटात, लाखेखाली. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी पुन्हा रहाट धरला आणि म्हणाल्या, “मंग कशाला आले?” तेवढंच. चहा मात्र आग्रहाने पाजला.

गायधनी वकिलांनी बजावलं होतं: निकाल लागेपर्यंत इंटरनेटला हात लावायचा नाही, कोणाकडून फाइल मागायची नाही, जामीन जाईल. मी घरी आलो आणि छायाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, “तुमच्यावर केस आहे. माझ्यावर कुठे आहे? कॅसेट माझी होती.”

छायाने आयुष्यात कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला एका सायबर कॅफेत गेली. कॅफे सांभाळणाऱ्या मुलीला तिने ग्रुपचा पत्ता लिहिलेला कागद दिला आणि मराठीतच सांगितलं, इंग्रजी अक्षरांत लिही: मी समाधानची बायको. आमच्याकडची गाणी गेली. ज्या बाईने ती म्हटली तिला ती ऐकायची आहेत. कोणाकडे असतील तर खालच्या पत्त्यावर पाठवा. ती मुलगी वाचून म्हणाली, “काकू, एवढंच?” छाया म्हणाली, “एवढंच.”

सतराव्या दिवशी भिलाईहून पाकीट आलं. आत सीडी, आणि चिठ्ठी: “माझ्या मुलीच्या लग्नातली. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. शुभांगी.”

वकिलांना मी सांगितलं, कारण लपवायची इच्छा नव्हती. त्यांनी बराच वेळ पान चघळलं. “मला हे तुम्ही सांगितलंच नाही,” ते म्हणाले.

आम्ही दोघं एसटीने येवल्याला गेलो. निवृत्तीच्या साडूचा सीडी प्लेअर पिशवीत घालून नेला होता. निफाड गेलं, विंचूर गेलं, छाया पूर्ण वाटभर ती पिशवी मांडीवर धरून बसली होती. लंकाबाईंच्या घरात गल्लीतल्या बायका जमल्या. मुलाने माग थांबवला. शेजारचे माग मग आपोआप थांबले, कारण काय चाललंय ते बघायला माणसं दारात आली. मी बटण दाबलं.

मला वाटलं होतं त्या रडतील. पहिल्या ओळीला त्यांनी नुसते डोळे मिटले. दुसऱ्या ओळीला ठमाबाईंचा आवाज वर गेला तशा त्या एकदम हसल्या, तोंडाला पदर लावून. “चुकली बघा! हितं चुकली ती. लवकर चढली. मी तिला चिमटा काढला व्हता, माइकवाला वराडला मंग आमच्यावर.” जमलेल्या बायका हसायला लागल्या. लंकाबाई हसत हसत पुढची ओळ स्वतःच म्हणायला लागल्या, सीडीबरोबर, आणि त्यांचा सत्तरीचा आवाज आणि पन्नाशीचा आवाज एकमेकांत मिसळले. तेव्हा छाया रडली. मी भिंतीकडे बघत राहिलो.

सगळी गाणी ऐकून झाल्यावर त्यांनी छायाचा हात धरला. “ही हितंच ठिव. आन् जावईबापू, मला कोर्टात कवा यायचं ते सांगा. पन एक. तुमी वाटा कोनाला वाटायची ती. फकस्त चौघींची नावं घाला. ठमा, सावित्री, विमल. ‘मैत्रिणी’ म्हंजी काय? मैत्रिणींना नावं नसत्यात का?”

तारखा पडत राहिल्या. कधी सरकारी वकील नाहीत, कधी कंपनीचा साक्षीदार नाही. दोन हजार आठच्या जानेवारीत शेवटी साक्षी झाल्या. कल्लोळ कंपनीचा माणूस उभा राहिला. गायधनींनी शांतपणे विचारलं, गायिकांशी करार आहे का. होता, पण सापडत नाही. स्टुडिओचं बिल? नाही. मूळ टेप?

“ती गोडाऊनला होती. सव्वीस जुलैच्या पावसात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं.”

“म्हणजे मूळ रेकॉर्डिंग आज तुमच्याकडे नाही?”

“नाही.”

“मग आरोपीच्या सीडीत तुमचंच रेकॉर्डिंग आहे हे कशाशी ताडून पाहिलंत?”

त्या माणसाने सरकारी वकिलांकडे बघितलं. मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या. त्यांनी मुद्देमालातली सीडी वाजवायला सांगितली. कोर्टात वाजवायला काही नव्हतं. कंपनीच्याच वकिलाने आपला लॅपटॉप पुढे केला. बारीक आवाजात, फायलींच्या ढिगांमध्ये, हळदीचं गाणं सुरू झालं. बाहेर व्हरांड्यात जमिनीच्या दाव्याचे, पोटगीचे पक्षकार उभे होते, त्यांच्यातल्या दोन-तीन बायका दारातून आत डोकावल्या. स्टेनोचे हात थांबले. मॅजिस्ट्रेट बाईंनी पूर्ण कडवं होऊ दिलं. मग म्हणाल्या, “बस.”

लंकाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा कंपनीच्या वकिलाने विचारलं, “तुम्ही ही गाणी स्वखुशीने कंपनीला दिलीत ना?”

“गाणी कशी देणार? माझ्या आईची गाणी ती, तिला तिच्या सासूनं शिकवली. आमी गायल्या, त्यांनी टिपून घेतली. मशीन त्यांचं व्हतं. टिपलं ते त्यांचं असंल, मला कायदा समजत नाय. पन बाईसाहेब, मी मागितली तवा त्यांनी दिली नाय, संपली म्हणले. ह्या मानसानं आमची ठमा घरी आनून दिली.” आणि माझ्याकडे बोट करून पुढे म्हणाल्या, “आधी इचारलं नव्हतं त्यानं बी. ते खरंच हाय.”

मॅजिस्ट्रेट बाईंनी त्यांना नीट समजावलं, की गाणं परंपरेचं असलं तरी त्याच्या रेकॉर्डिंगला मालक असतो, म्हणून ही केस झाली. लंकाबाईंनी सगळं ऐकलं आणि “बरं” म्हणाल्या.

मार्चमध्ये निकाल लागला. कंपनीला हक्क सिद्ध करता आला नाही, ताडून बघायला मूळ नाही, म्हणून निर्दोष. मी गायधनींच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं. “सुटलात. पण केलं ते बरोबर होतं असं कोर्टाने म्हटलेलं नाही, हे लक्षात ठेवा. मूळ टेप असती तर आज मी तुमच्या शिक्षेत सूट मागत असतो.”

पायऱ्यांवर तो कोटवाला भेटला. तीन वर्षांत थकलेला दिसत होता. त्याने बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्याकडे चांगली कॉपी आहे ना? आता मोबाइलवर रिंगटोन म्हणून जुनी गाणी चालतात. कंपनीला हवी आहे.” मी त्याला एसटी स्टँडकडे निघालेल्या लंकाबाई दाखवल्या. “त्यांना विचारा.” तो खरोखर त्यांच्यामागे गेला, पत्ताही लिहून घेतला. नंतर येवल्याला कोणी आलं नाही. वर्षभरात कल्लोळ कंपनीच बंद पडली असं ऐकलं.

प्रमोशन मिळालं. आई पुन्हा देवळात जायला लागली. मी गाणी पुन्हा ठेवली, लंकाबाईंच्या शब्दावर, चौघींची नावं घालून. पण तोवर ते सॉफ्टवेअर कोणी वापरेना. टोपणनावं एकेक करून पडद्यावरून गेली. मस्कतवाले कुठे गेले ठाऊक नाही. इंटरनेट आता केबलने यायला लागलं होतं, गाणं निमिषात उतरायचं, आणि उतरवणारा कोण हे कळायचंही नाही, विचारायचंही नसायचं. सकाळी दहा ते बारा आमच्या घरी अनोळखी माणसांची जी ये-जा होती तिची मला फार आठवण यायची. अजून येते.

दोन हजार नऊच्या श्रावणात शुभांगीबाई आल्या. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला आल्या होत्या, यजमानांबरोबर. फोन करून रस्ता विचारला आणि रिक्षाने थेट मळ्यात. उंच, पांढऱ्या केसांच्या, आवाज नर्सचा असतो तसा ठाम. छायाने त्यांना ओटीवर बसवलं. मला वाटलं आता गाण्यांचं बोलणं निघेल, केसचं निघेल. मी सांगायच्या गोष्टी मनात जुळवत होतो. पण त्या दोघी बोलत होत्या ते भिलाईच्या उन्हाबद्दल, शुभांगीबाईंच्या मुलीला दिवस गेलेत त्याबद्दल, छायाच्या गुडघेदुखीबद्दल. गुडघ्याला काय लावायचं ते त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. मी आणि त्यांचे यजमान बाजूला बसून नुसते चहा पीत राहिलो.

जाताना निवृत्तीने त्यांच्या पिशवीत शेवंती आणि मेथी कोंबली. “भिलाईपर्यंत टिकणार नाही हो,” त्या म्हणाल्या. “गाडीत निवडत बसा,” छाया म्हणाली, आणि रिक्षा वळेपर्यंत दोघी एकमेकींना हात करत राहिल्या.